बूस्टर पंप सारखा चालू-बंद होतोय? कंट्रोलर बदलण्याआधी हे करून पाहा

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यातली सात मजली इमारत, मजल्यावर चार फ्लॅट, गच्चीवर टाकी. सहाव्या-सातव्या मजल्यावर शॉवरला पाणी नीट येत नाही म्हणून सोसायटीने गच्चीवरच दाब वाढवणारा (बूस्टर) दीड हॉर्सपॉवरचा थ्री फेज पंप, व्हीएफडी कंट्रोलर (मोटरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) आणि २४ लिटरचा प्रेशर टँक (आत हवेचा दाब असलेली, थोडं पाणी साठवणारी बंद टाकी) बसवून घेतला. सेट प्रेशर, म्हणजे कंट्रोलरने टिकवायचं प्रेशर, ४ बार ठेवलंय. स्लीप फ्रीक्वेन्सी, म्हणजे वेग ज्याच्या खाली आला की मागणी संपली असं समजून पंप थांबतो तो आकडा, ४८ हर्ट्झ (पूर्ण वेग ५०). पंपाच्या प्लेटवर हेड (पंप देऊ शकतो तो दाब, पाण्याच्या उंचीच्या मीटरमध्ये) १२ ते ४४ मीटर लिहिलंय. रात्री कुणाचा नळ उघडा नसताना पंप अर्ध्या-पाऊण मिनिटाला चालू-बंद होतो. सकाळी सात ते नऊ प्रेशर वरखाली होतं आणि टाकी भरलेली असताना मध्येच 'ड्राय रन' (पाणी नाही) दाखवून पंप थांबतो. बसवणारा म्हणतो कंट्रोलर खराब आहे, नवा घ्या. घ्यावा का?

इतक्यात नका घेऊ. तुम्ही दिलेले तीन आकडे, म्हणजे ४ बार, ४८ हर्ट्झ आणि ४४ मीटर, एकमेकांशेजारी ठेवले तर निम्मा उलगडा तिथेच होतो. कंट्रोलर त्याला सांगितलेलं काम करतोय, पण सांगितलेलं काम या पंपाला आणि या इमारतीला जमणारं नाही. तुमचा खरा प्रश्न असा आहे, की गच्चीवरच्या पंपाला नेमकं किती प्रेशर मागायचं आणि पाणी लागत नसताना त्याने थांबायचं कसं ओळखायचं.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि उत्तर थोडंफार त्यांच्यावर अवलंबून आहे. बूस्टरची लाईन फक्त वरच्या दोन मजल्यांना जाते की सगळ्या सात मजल्यांना? पंपाला वळसा घालून गुरुत्वाकर्षणाने पाणी खाली जाईल अशी बायपास लाईन आहे का? गच्चीवर सोलर आहे का? सोलरचा मुद्दा पुढे येईल, तो वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

आता हिशोब. दहा मीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण १ बार. प्लंबर 'एक किलो प्रेशर' म्हणतो तेही जवळपास तेवढंच. मजला तीन मीटरचा धरला तर दर मजल्याला ०.३ बार. तुमच्या टाकीचा तळ स्लॅबपासून दीड मीटर वर असेल आणि सातव्या मजल्यावरचा शॉवर स्लॅबच्या एक मीटर खाली असेल, तर शॉवरला मिळतात अडीच मीटर, म्हणजे पाव बार. त्यातून पाइप आणि एल्बोंमध्ये जाणारं वजा करा. म्हणून तिथे धार लागत नाही. चांगल्या शॉवरला तोटीपाशी एक ते दीड बार पुरतं. प्रेशर मोजून कंट्रोलरला सांगणारा सेन्सर गच्चीवर पंपाजवळ आहे, शॉवर त्याच्याही खाली आहे, पाइपमध्ये सकाळच्या गर्दीत ०.३ ते ०.५ बार जाईल असं धरलं तरी गच्चीवर १.८ ते २ बार सेट करणं भरपूर झालं. ४ बारची गरज कुठेच दिसत नाही. बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीत तळमजल्यावरून वर पाणी चढवणाऱ्या पंपाचा आकडा इथे तसाच टाकला गेलाय. तिथे उंची चढायची असते, इथे पाणी खालीच जातंय.

४ बारचा दुसरा तोटा जास्त काळजीचा आहे. लाईन सगळ्या मजल्यांना एकच असेल तर पहिल्या मजल्यावर नळ बंद असताना त्या ४ बारमध्ये आणखी जवळपास दोन बार भर पडते. सहा बारला जुने फ्लेक्झिबल कनेक्शन पाइप, वॉशिंग मशीनचे नळ, फ्लशचे वॉल्व्ह एकेक करून जीव टाकायला लागतात. गीझरच्या प्लेटवर कमाल दाब छापलेला असतो, तो खालच्या दोन-तीन घरांत जाऊन बघून या. लाईन वेगळी करता येत असेल तर फक्त सहावा-सातवा मजला बूस्टरवर घ्या आणि खालचे मजले पूर्वीसारखे सरळ टाकीवर राहू द्या. पाचव्या मजल्याला आजही पुरेसं पाणी येतंय, त्याला पंपाची विजेची किंमत कशाला?

आता ४८ हर्ट्झचं कोडं. पंपाचा वेग कमी केला की त्याचं हेड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतं. तुमचा पंप पूर्ण वेगाला, ५० हर्ट्झला, एकही थेंब पुढे जात नसताना साधारण ४४ मीटर दाब देतो असं धरू. ४ बार म्हणजे जवळपास ४१ मीटर. टाकीतून येणारं दीड मीटर धरून नुसतं हे प्रेशर टिकवायलाच पंपाला साधारण ४७ हर्ट्झवर फिरावं लागतं. म्हणजे सगळे नळ बंद असतानाची अवस्था ४७ ला आणि पूर्ण जोर ५० ला. कंट्रोलरला खेळायला राहिले फक्त तीन हर्ट्झ. आधी स्लीप फ्रीक्वेन्सी कमी असणार, पंप त्याच्या खाली कधी येतच नसणार, म्हणून रात्रभर चालू राहत असणार. मग कुणीतरी ती ४८ करून टाकली असावी. आता एखाद्या घरात बारीक नळ चालू असताना पंप ४७.५ ला असतो, कंट्रोलरला वाटतं मागणी संपली, तो झोपतो. प्रेशर पडतं, तो उठतो, पुन्हा झोपतो. सकाळच्या वरखाली होण्यातला मोठा वाटा याचाच आहे.

तोच पंप २ बारला सेट केला तर नळ बंद असताना तो साधारण ३३ हर्ट्झला टेकेल. म्हणजे ३३ ते ५० एवढा मोठा पट्टा हाताशी येतो आणि नळ उघडा आहे की बंद हे कंट्रोलरला स्पष्ट वेगळं दिसतं. वीज तर वेगाच्या घनाच्या प्रमाणात उतरते. ३५ हर्ट्झला पंप पूर्ण वेगाच्या साधारण एक तृतीयांश शक्तीवर चालतो.

ड्राय रनचंही तसंच. बऱ्याच कंट्रोलरमध्ये नियम असा असतो, की पंप पूर्ण वेगाने अमुक सेकंद फिरूनही प्रेशर एका ठरावीक आकड्याच्या वर गेलं नाही, तर पाणी नाही असं समजून थांबायचं. सकाळी आठ-दहा नळ एकदम उघडले की तुमचा पंप ५० हर्ट्झला फिरूनही ४ बार देऊ शकत नाही, अडीच किंवा दोनवर येतो. ड्राय रनचा आकडा ४ च्या हिशोबाने वर ठेवलेला असेल, तर भरल्या टाकीवर पंप थांबणारच.

एवढं झाल्यावर हात कशाला आधी लावायचा ते सांगतो. मी क्रम कधी बदलत नाही: आधी पाणी, मग सेन्सर, मग मोटर, मग प्रेशर आणि स्लीप, मग ड्राय रन, आणि अगदी शेवटी पीआय, म्हणजे प्रेशरमधल्या फरकाला कंट्रोलर किती जोराने आणि किती लवकर उत्तर देतो ते ठरवणारे दोन आकडे. उलट्या क्रमाने गेलं की पाइपमधला दोष सेटिंगने झाकला जातो आणि पावसाळ्यानंतर तोच पुन्हा वर येतो. सुरू करण्याआधी कंट्रोलरमधल्या एकेका पॅरामीटरचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आणि ड्राइव्हचं झाकण उघडायचं असेल तर ते इलेक्ट्रिशियनकडूनच. मेन बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं जीव घेण्याइतका विद्युतभार शिल्लक असतो. मॅन्युअलमध्ये थांबायची वेळ दिलेली असते, ती पाळायची.

पाण्याच्या बाजूने सुरुवात प्रेशर टँकपासून. पंप बंद करा, टँकचा कॉक बंद करून त्यातलं पाणी ड्रेनने पूर्ण काढा. टँकच्या टोकावर प्लास्टिकची टोपी असते, तिच्याखाली स्कूटरच्या टायरसारखा वॉल्व्ह असतो. त्याची पिन नखाने क्षणभर दाबा. नुसती हवा आली तर ठीक. पाण्याचा फवारा किंवा ओलसर थेंब आला तर आतला रबरी फुगा फाटलाय, तो बदलावा लागेल, आणि रात्रीच्या चालू-बंदचं मोठं कारण तुम्हाला तिथेच सापडलं. फुगा चांगला असेल तर टायरचा गेज लावून हवा बघा. व्हीएफडीवरच्या टँकमध्ये सेट प्रेशरच्या साधारण ७० टक्के हवा ठेवतात. २ बारसाठी १.४ बार, म्हणजे टायरच्या गेजवर २० पीएसआय. कमी असेल तर सायकलच्या पंपाने भरा. हे माप पाणी काढल्यावरच घ्यायचं. पाणी असताना गेज पाण्याचाच दाब दाखवतो आणि टँक ठणठणीत आहे असं उगाच वाटतं.

टँक नीट असेल तर २ बारवरून १.६ बारपर्यंत येताना तो जवळपास तीन लिटर पाणी पंप न चालवता देतो. एखादा फ्लश मिनिटाला १०० मिलिलिटर गळत असेल तरी पंप अर्ध्या तासाने उठेल. अर्ध्या मिनिटाला उठतोय याचा अर्थ टँक काम करत नाही, किंवा पाणी फार मोठ्या वाटेने निसटतंय.

ती वाट शोधायला रात्री अकरानंतर गच्चीवर जा. पंपानंतर इमारतीकडे जाणारा मुख्य कॉक बंद करा, प्रेशर चढू द्या, पंप बंद करा आणि गेजच्या काट्याकडे दहा मिनिटं बघा. काटा हलला नाही तर गच्चीवरचं काम ठीक आहे, गळती खाली घरांत आहे. काटा पडत गेला तर पाणी गच्चीवरच मागे जातंय. पंपाजवळचा नॉन-रिटर्न वॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) किंवा बायपासवरचा नॉन-रिटर्न वॉल्व्ह धरत नाही. बायपासचा कॉक बंद करून हीच चाचणी पुन्हा करा, कोणता ते कळेल. पुण्याच्या टाक्यांमध्ये तळाला गाळ असतोच. वॉल्व्हच्या सीटवर सिमेंटचा एक खडा अडकला तरी पुरतो. त्याच वेळी सेन्सर कुठे बसवलाय ते बघा. तो नॉन-रिटर्न वॉल्व्हच्या पुढे, टँकच्या बाजूला हवा. पंप आणि वॉल्व्ह यांच्यामध्ये असेल, तर पंप थांबताच तेवढ्या तुकड्यातलं प्रेशर पडतं आणि पुढची लाईन भरलेली असूनही कंट्रोलर जागा होतो.

गळती खाली आहे असं निघालं तर फ्लश आणि नळ तपासण्याआधी सोलरचा विचार करा. गच्चीवरच्या पुष्कळ सोलर टाक्या बिनदाबाच्या असतात, वर उघडा व्हेंट पाइप. गरम पाणी पाव बारने खाली येतं आणि आता गार पाणी ४ बारने येतंय. एखाद्या घरात मिक्सर उघडा ठेवून नुसता हँड शॉवरचा खटका बंद केलेला असतो, किंवा मिक्सरचं आतलं कार्ट्रिज झिजलेलं असतं. तिथून गार पाणी गरम लाईनमध्ये घुसतं आणि उलटं चढून सोलरच्या टाकीत जातं. कुणाचाच नळ उघडा नाही, फरशी कोरडी आहे, आणि गच्चीवर सोलरच्या व्हेंटमधून पाणी ओघळतंय, असं दृश्य मी अनेक सोसायट्यांत पाहिलंय. सकाळी 'सोलरचं पाणी कोमट येतं' ही तक्रार त्याचीच जोडीदार. तपासणी सोपी आहे: गरम पाण्याच्या लाईनचा गच्चीवरचा कॉक रात्री बंद करून पंपाचं चालू-बंद थांबतं का बघा. थांबलं तर सापडलं. नुसता नॉन-रिटर्न वॉल्व्ह गरम लाईनवर टाकून उलटं जाणं थांबेल, पण मिक्सरमध्ये गार पाण्याच्या जोरापुढे गरम पाणी येणारच नाही. चांगला उपाय म्हणजे गरम लाईनलाही गरम पाणी सोसणारा वेगळा छोटा बूस्टर लावून दोन्ही दाब जवळपास सारखे ठेवणं. तोवर सेट प्रेशर जितकं कमी तितका त्रास कमी.

आता सेन्सर. त्याच्यावर रेंज लिहिलेली असते, ० ते १० बार किंवा ० ते १६ बार, आणि तो ४ ते २० मिलिअँप सिग्नल देतो. कंट्रोलरमध्ये तीच रेंज भरलेली हवी. १६ बारचा सेन्सर आणि कंट्रोलरमध्ये १० लिहिलेलं असेल, तर स्क्रीनवर २ बार दिसताना लाईनमध्ये ३.२ बार असतात. म्हणून शेजारी साधा काट्याचा गेज हवाच. दोन-तीन वेगवेगळ्या दाबांवर गेज आणि स्क्रीन जुळवून बघा. सेन्सरची वायर मोटरच्या केबलबरोबर एकाच पाइपमधून नेली असेल तर आकडे नाचतात. ती वेगळी काढा.

मोटरकडे तुमच्या बाबतीत फार वेळ जाऊ नये. प्लेटवरचा करंट कंट्रोलरमध्ये भरलाय का, आणि कंट्रोलर सिंगल फेज २३० व्होल्टवर चालणारा असेल तर मोटरची जोडणी डेल्टामध्ये (टर्मिनलवरच्या दोन जोडण्यांपैकी कमी व्होल्टेजची) आहे का, एवढं बघा. फिरण्याची दिशा उलटी असेल तरी सेंट्रिफ्युगल पंप थोडं पाणी देतोच, म्हणून पंख्याकडून बाणाशी ताडून पाहा. ड्राइव्हला बगल देऊन मोटर सरळ मेनवर चालवायची सोय पॅनलमध्ये असेल तर त्या स्थितीतही दिशा तपासा. बाहेर फेज बदलले तर ड्राइव्हवर फरक पडत नाही, सरळ मेनवर मात्र मोटर उलटी फिरते.

यानंतर सेटिंग. सेट प्रेशर २ बार करा. इमारतीकडचा कॉक बंद ठेवा, स्लीप तात्पुरती बंद करा आणि पंप चालवून हर्ट्झचा आकडा बघत राहा. तो हळूहळू उतरत कुठेतरी स्थिर होईल. माझ्या हिशोबाने ३३ च्या आसपास, पण तुमच्या पंपाचा खरा आकडा तो जिथे थांबेल तोच. एक-दोन मिनिटांत बघून घ्या, बंद कॉकवर पंप जास्त वेळ चालवला की आतलं पाणी तापतं. आता कॉक उघडून सातव्या मजल्यावर एकच बेसिनचा नळ बारीक सोडायला सांगा आणि आकडा किती वर सरकतो ते बघा. स्लीप फ्रीक्वेन्सी या दोन आकड्यांच्या मध्ये ठेवायची, सहसा बंद कॉकच्या आकड्यापेक्षा दीड-दोन हर्ट्झ वर. स्लीपला जाण्याआधी थांबायची वेळ दहा-पंधरा सेकंद, आणि उठायचं प्रेशर १.६ बार. उठायचं प्रेशर सेटच्या फार जवळ ठेवलं की टँकमधले तीन लिटर वापरलेच जात नाहीत. फार खाली ठेवलं तर शॉवरखाली उभ्या माणसाला झटका जाणवतो आणि गॅस गीझर विझतो.

ड्राय रनसाठी प्रेशरच्या भरवशावर एकट्याने राहू नका. टाकीत फ्लोट स्विच (पाण्याची पातळी उतरली की खटका देणारा तरंगता स्विच) टाका आणि तो कंट्रोलरच्या इनपुटला जोडा. आउटलेटच्या वर थोडं पाणी राहिलं असतानाच पंप थांबला पाहिजे, नाहीतर भोवरा होऊन हवा ओढली जाते. प्रेशरवर आधारित ड्राय रन दुसरी फळी म्हणून ०.५ बार आणि वीस सेकंद ठेवा. भरली टाकी असताना सकाळच्या गर्दीत प्रेशर इतकं खाली जाणार नाही, आणि टाकी खरोखर रिकामी झाली तर नक्की जाईल. एकदा हे प्रत्यक्ष करून बघा: फ्लोट हाताने उलटा करून पंप थांबतो का, सोडल्यावर आपोआप सुरू होतो का. लाईट गेल्यावर पंप आपोआप सुरू होण्याचं सेटिंगही त्याच वेळी बघून घ्या, वॉचमनला मध्यरात्री गच्चीवर चढावं लागू नये. बायपास लाईन नसेल तर ती मात्र करून घ्याच. लाईट नसताना आधी येत होतं तेवढं तरी पाणी घरांत गेलंच पाहिजे.

पीआयला हात शेवटी, आणि बहुतेक वेळा लागतच नाही. एक नळ उघडा, मग तीन, मग सगळे एकदम बंद. काटा एकदा पुढे जाऊन परत येऊन स्थिर झाला तर काहीही बदलू नका. पाणी एकसारखं चालू असतानाही काटा झुलत राहिला तर पी थोडा कमी करा. आयच्या बाबतीत मॅन्युअल उघडून बघा, कारण काही कंपन्यांमध्ये तो वेळ म्हणून भरतात आणि काहींमध्ये गुणक म्हणून. एकात आकडा वाढवला की पंप शांत होतो, दुसऱ्यात त्याच कृतीने तो जास्त उसळतो.

स्लीपची परीक्षा रात्री होते आणि ड्राय रनची सकाळी साडेसातला, त्यामुळे बसवणाऱ्याला दुपारी तीनला बोलावून सही देऊ नका. एक रात्र आणि पुढची सकाळ त्याच्या हजेरीत बघितली पाहिजे, असं त्याला पैसे पूर्ण देण्याआधीच सांगा.

हे सगळं करूनही सकाळी पंप ५० हर्ट्झला असताना गच्चीवरचं प्रेशर दीड बारच्या खाली जात असेल, तर प्रश्न पंपाच्या प्रवाहाचा किंवा टाकीकडून येणाऱ्या पाइपच्या व्यासाचा आहे. तो कंट्रोलर बदलून सुटणार नाही. तसं झालं तर मला तीन गोष्टी कळवा: त्या वेळचा हर्ट्झ आणि काट्याच्या गेजवरचा आकडा, पंपाच्या प्लेटवर १२ आणि ४४ मीटरला लिहिलेला प्रवाह, आणि टाकी ते पंप पाइप किती इंची आहे ते. लाईन फक्त वरच्या दोन मजल्यांची आहे की सगळ्यांची, हेही लिहा, त्यावरून पुढचं सांगतो.